कोरड्या काचेवरचा पाऊस

१

सोमवारी सकाळी साडेसातला डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात लख्ख ऊन पडलं होतं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. आणि पोर्चमधल्या निळ्या गाडीचे वायपर मात्र ढगफुटी झाल्यासारखे सपासप पळत होते. कोरड्या काचेवर रबर असं करकरत होतं की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत.

"बंद कर रे बाबा ते!" मॅनेजर कानावर हात ठेवून ओरडले.

गाडीत बसलेल्या मेकॅनिकने चावी काढली. गावभर त्याला नटबोल्ट म्हणत, कारण त्याच्या खिशात दुसरं काही कधी सापडलंच नव्हतं. "सेन्सर गेला," तो खाली उतरत म्हणाला. "ऑटो वायपर आहेत ना हे. पाऊस पडला की आपोआप चालू, थांबला की आपोआप बंद. आता याला उन्हातही पाऊस दिसतोय. कामातून गेलाय."

मॅनेजरांना हेच हवं होतं. त्यांनी मान वळवली आणि पायरीपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकाकांकडे बोट दाखवलं. "ऐकलंत? वायपरची देखभाल नाही. काच धड दिसत नव्हती. म्हणून त्या बाईला उडवलंत तुम्ही!"

सव्वीस वर्षं काकांनी या दवाखान्याची गाडी चालवली होती. आंधळ्या म्हाताऱ्यांना घरून आणायचं, पट्टी सुटली की हसत्या तोंडाने घरी सोडायचं. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. आणि शनिवारी संध्याकाळी याच गाडीचा डावा दिवा फुटलेला सापडला. त्या दिव्याच्या काचा तळ्याकडच्या रस्त्यावर मिळाल्या. तिथेच सायकलवरून घरोघर पाव पोचवणारी बेकरीवाली मावशी झुडपात पडली होती. पाय मोडलेला, शुद्ध नाही.

मावशी वाचली होती, देवाची कृपा. पण अकरा वाजता विश्वस्त येणार होते. त्यांच्यापुढे काकांनी 'माझ्या हातून घडलं' असं लिहून द्यायचं, की नोकरी गेली, परवाना गेला आणि सव्वीस वर्षांचं नावही गेलं.

हे सगळं खिडकीतून भिंगताई बघत होती. दवाखान्यातले चष्मे तीच करायची. काचा घासायची, नंबर बसवायची, दांड्या वाकवायची. तिला ते नाव मोठ्या डॉक्टरांनी दिलं होतं आणि पुढे तिच्या सासूनेही तेच उचललं. बाई पंचेचाळिशीची, जिभेने तिखट आणि मनाने लोण्याची.

तिचं लक्ष काकांकडे नव्हतं, मॅनेजरांकडेही नव्हतं. ती काचेकडे बघत होती. वीस वर्षं काचेशी संसार केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. काच उगाच खोटं बोलत नाही.

२

"काका, आत या आधी," तिने त्यांना आपल्या खोलीत ओढलं आणि स्टुलावर बसवलं. "आता खरं सांगा. शनिवारी काय झालं?"

"काहीच नाही झालं गं, हीच तर पंचाईत आहे." काका हाताची बोटं मोडत होते. "तीन वाजता त्या शेतावरच्या आजोबांना सोडायला गेलो. पिरपिर पाऊस होता. तीन चाळीसला परत. गाडी लावली, काच पुसली, वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसलं, चावी मॅनेजरांच्या खोलीत टांगली आणि घरी गेलो."

"रबर पण पुसता?"

"मग? प्रत्येक फेरीनंतर. रबराला धूळ चिकटली की काचेवर रेघा उठतात. आणि इंजिन बंद करायच्या आधी वायपरची दांडी खाली, ऑटोवरून बंदवर. नाहीतर फडकं फिरवताना पाणी उडतं, गाडीला वाटतं पाऊस आला, आणि वायपर बोटांवर फटका देतो. एकदा दिलाय. ही बघ खूण."

भिंगताईने खूण बघितली. "मग आज नटबोल्टने चावी लावल्याबरोबर वायपर कसे पळाले?"

"दांडी ऑटोवर होती म्हणून. मी नव्हती ठेवली. माझ्यानंतर दोघांनी गाडी नेली ना. चारला धाकट्या डॉक्टर औषधं आणायला गेल्या, चार वीसला आल्या. पाचला मोठे डॉक्टर स्वतः गेले, तळ्यापलीकडच्या त्यांच्या पेशंटला बघायला. सहाला आले. वहीत लिहिलंय सगळं."

"मग धडक त्यांच्यापैकी कुणी..."

"शूः!" काकांनी घाईघाईने दाराकडे पाहिलं. "असं मनातही आणू नकोस. दोघंही म्हणाले, आमच्या हातून काही झालं नाही. ते खोटं बोलतील? डोळ्यांचे डॉक्टर आहेत ते. त्यांना समोरची सायकल दिसणार नाही?" मग त्यांचा आवाज बसला. "ताई, माझेच डोळे गेले असतील. कळलंही नसेल मला."

आता मात्र भिंगताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्यांना तक्त्यासमोर उभं केलं, एकेक डोळा झाकून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं. काकांनी ती बारीक ओळ घडाघडा वाचली. मग तिने दोन्ही बाजूंनी बोटं हलवून पाहिली. काकांना सगळी बोटं दिसली, तिच्या नखावरचा शाईचा डाग सुद्धा.

"डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली. "अकराच्या आत कशावर सही करायची नाही. समजलं?"

काकांनी मान डोलावली खरी, पण ती हो म्हणणारी मान नव्हती.

३

नटबोल्ट बोनेटवर कोपर टेकून चहा पीत होता.

"सेन्सर गेला म्हणालास. उघडून बघितलास?"

"उघडायचं काय त्यात? नवीन टाकायचा."

"तुला माहितीये का तो कसा चालतो?"

"ताई, मी गाड्या दुरुस्त करतो, परीक्षा देत नाही."

"मग ऐक. आरशाच्या मागे ती काळी डबी आहे ना, ती काचेच्या आत तिरका प्रकाश सोडते. आपल्या डोळ्याला न दिसणारा. काच बाहेरून कोरडी असली की तो प्रकाश आतल्या आत आपटून परत डबीकडे येतो. बाहेर थेंब बसला की तिथून प्रकाश निसटून जातो. परत येणारा प्रकाश कमी झाला की डबी म्हणते, पाऊस आला. जितका कमी, तितका जोरात पाऊस."

"बरं मग?"

"मग डबी बिघडलेली नसेल तर? काचेवर खरंच काहीतरी चिकटलेलं असेल तर?"

नटबोल्टचा चहा ओठाशीच थांबला. शनिवारपासून गाडीला हात लावायचा नाही असा मॅनेजरांचा हुकूम होता, म्हणून काकांनाही काच पुसता आली नव्हती. भिंगताई खिशातलं भिंग काढून काचेवर ओणवी झाली. बरोबर आरशासमोर, जिथे डबी होती तिथे, वाळलेल्या लगद्याचा एक पट्टा बसला होता. गुलाबी लगदा. तिथून तो डाव्या वायपरच्या वाटेने कमानीसारखा खालपर्यंत पसरला होता. काचेचा डावा अर्धा भाग असा बरबटलेला होता की पलीकडची भिंत दिसू नये. उजवा भाग स्वच्छ होता.

तिने डावा वायपर उचलला. रबराखाली कागदाचं एक भिजून वाळलेलं टोक अडकलं होतं. त्यावर शिलाई मशीनचं अर्धं चित्र होतं.

"जाहिरातीचा कागद," नटबोल्ट म्हणाला. "आणि मला सकाळी चिखल वाटला! कोणीतरी वायपरखाली खोचला आणि पावसात वायपर सुरू झाले. ऑटो म्हटल्यावर हात लावायलाच नको. घासून घासून लगदा झाला." त्याने चिमटीने सोडवून टोक हातात घेतलं. "पण ताई, एवढा लगदा व्हायला निदान अर्धा तास घासायला हवं. एवढा वेळ डोळ्यांपुढे हे नाचत असताना कोण गाडी चालवेल? मी तर पहिल्याच चौकात उतरून काढला असता."

"मीही," भिंगताई म्हणाली. आणि तिला काल दुपारी पाहिलेली एक गोष्ट आठवली.

४

काल ती बेकरीवाल्या मावशीला भेटायला इस्पितळात गेली होती. दोघी एकाच गल्लीतल्या. मावशीचा पाय टांगलेला आणि तोंड मात्र मोकळं.

"मला काही म्हणजे काही आठवत नाही गं," मावशी म्हणाली होती. "तीनला बेकरीतून निघाले. पिरपिर चालू. पाव भिजतायत का, एवढंच डोक्यात. मग डोळे उघडले तर हे छत. किती वाजता, कोणती गाडी, काही नाही. पण त्या ड्रायव्हरला सांग, मी शिव्या दिलेल्या नाहीत म्हणून."

खुंटीवर मावशीचा रेनकोट टांगला होता, पिवळा. त्याच्या बाहीवर गुलाबी कागदाचा ओला चिकटून वाळलेला तुकडा होता. भिंगताईला वाटलं होतं, पावाच्या पुड्याचा असेल. बेकरीचे पुडे तर पांढरे असतात, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

तो कागद गाडीवरून उडून मावशीला चिकटला होता. म्हणजे धडक बसली तेव्हा कागद वायपरखाली होता. राहिला एकच प्रश्न, तो खोचला कधी?

ती थेट मॅनेजरांच्या खोलीत शिरली. "शनिवारी गुलाबी कागद कोण वाटत होतं?"

मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. "ती शिवणक्लासवाली! आपल्या आवारात येऊन माझ्या स्कूटरवर चिकटवून गेली, गाडीवर खोचून गेली. मी हाकललं तिला. बरोबर साडेचारला. मी तक्रार लिहून ठेवलीये, वेळ घालून."

मॅनेजर सगळ्या जगाची तक्रार वेळ घालून लिहून ठेवत. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगताईला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात धाकट्या डॉक्टर भेटल्या, मोठ्या डॉक्टरांची मुलगी. भिंगताईने विचारलं तशी त्या म्हणाल्या, "हो, मी औषधं घेऊन आत जात होते तेव्हा ती गेटातून येत होती. माझ्याही हातात एक कागद कोंबला तिने. का गं?"

"सहज," भिंगताई म्हणाली.

काका परतले तीन चाळीसला. धाकट्या डॉक्टर चार वीसला. कागद आला साडेचारला. त्यानंतर गाडी नेली ती फक्त एका माणसाने, पाचला. ज्याने भिंगताईला लग्नाआधी, ओठावर हसू नसलेल्या दिवसांत, हाताला धरून काच घासायला शिकवलं. ज्याने तिच्या आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आणि वर तिलाच पेढे आणायला पाठवलं.

आणि तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. यावर भिंगताई पैज लावायला तयार होती. मग एक तास डोळ्यांपुढे गुलाबी चिंधी नाचत असताना त्यांना ती दिसली का नाही?

तिला शुक्रवार आठवला. तिने चष्म्यांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला होता आणि दहा मिनिटांनी ते ओरडले होते, "भिंगे, डबा कुठंय?" डबा त्यांच्या कोपराशीच होता. डाव्या कोपराशी. शनिवारी सकाळी दारातून येताना त्यांचा खांदा चौकटीवर आपटला होता. तोही डावा.

घड्याळात नऊ वाजले होते. दहाला मोठे डॉक्टर सहा जणांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करणार होते.

५

ते खोलीत एकटेच होते, हात धुवायच्या तयारीत. सहासष्ट वर्षांचा ताठ माणूस, पांढऱ्या भुवया, बारीक आवाज.

"काय गं भिंगे? चेहरा असा का? नवऱ्याशी भांडलीस?"

"डॉक्टर, पाच मिनिटं माझ्यासमोर बसा."

"आत्ता? पेशंट..."

"आत्ताच बसा." त्यांच्याशी या आवाजात ती कधी बोलली नव्हती. डॉक्टर बसले. ती गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली.

"माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. मी बाजूला बोट हलवते, दिसलं की सांगा."

"मला शिकवतेस? ही तपासणी मीच तुला शिकवली." डॉक्टर हसले, पण त्यांनी नजर तिच्या नाकावर लावली. त्यांच्या उजव्या बाजूला तिने बोट हलवलं. "दिसलं. पुढे."

तिने दुसरा हात उचलला. बोट हलवलं. आणखी जवळ आणलं. पुन्हा हलवलं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण हात तिने खाली घेतला नाही.

डॉक्टर वाट बघत होते.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "कर ना सुरू."

६

डॉक्टरांनी स्वतः एक डोळा झाकला, दुसरा झाकला, आपला डावा हात हळूहळू समोर आणला. हात नाकाच्या रेषेवर आला तेव्हा त्यांना तो दिसला.

"दोन्ही डोळ्यांची डावी बाजू," ते म्हणाले. पेशंटबद्दल बोलावं तसं शांतपणे. "म्हणजे डोळे ठीक आहेत. बिघाड मागे आहे, मेंदूत. छोटा झटका येऊन गेला असणार, गेल्या आठवड्यात. डोकं दुखत होतं एक दिवस. यात माणसाला काळोख दिसत नाही, भिंगे. ती बाजूच नसते. नसलेल्या गोष्टीचं काय कळणार?"

तिने त्यांना कागदाचं सांगितलं, रेनकोटचं सांगितलं, वेळा सांगितल्या. डॉक्टर ऐकत राहिले.

"मला वाटलं खड्डा होता," ते म्हणाले. "गाडी थोडी उडाली. मी मनात म्हटलं, नगरपालिकेला लिहायला हवं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "एक बाई झुडपात पडली होती, आणि मी खड्ड्याबद्दल पत्र लिहिणार होतो. आणि आज सहा जणांच्या डोळ्यांत सुरी घालायला निघालो होतो."

भिंगताईने त्यांचा उजवा हात धरला आणि धरूनच ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"चल," ते थोड्या वेळाने उठले. "आपला ड्रायव्हर कुठंय?"

मॅनेजरांच्या खोलीत सगळे होते. टेबलावर कागद होता आणि कागदाखाली काकांची सही. सव्वानऊलाच करून ठेवली होती. मॅनेजर म्हणाले, विश्वस्तांचा वेळ वाचेल.

डॉक्टरांनी कागद मागितला, न वाचताच त्याचे चार तुकडे केले. "दुसरा कागद घ्या. त्यावर माझं नाव लिहा. धडक मी दिली." मॅनेजरांचा पेन खाली पडला. धाकट्या डॉक्टर "बाबा!" म्हणून धावल्या. डॉक्टरांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आजची ऑपरेशनं त्यांच्यावर सोपवली, आणि मग काकांसमोर जाऊन उभे राहिले.

"तू सही का केलीस? तुझ्या हातून काही झालं नव्हतं. तुला माहीत होतं."

काकांनी खाली बघितलं. "नव्हतं माहीत, साहेब. तुम्ही म्हणालात, तुमच्या हातून नाही. धाकट्या ताई म्हणाल्या, त्यांच्या हातून नाही. मग उरलो मीच. तुम्हा दोघांच्या शब्दापुढे माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. दोन रात्री मी ती बाई आठवायचा प्रयत्न करतोय. नाही आठवली, तरी वाटलं, असेल." आणि मग त्यांच्या काही लक्षात आलं, तसे ते चपापून म्हणाले, "साहेब, तुम्हाला तर काही लागलं नाही ना?"

त्या प्रश्नाने मोठ्या डॉक्टरांचा धीर सुटला. सगळ्यांदेखत ते लहान मुलासारखे रडले. मॅनेजर खिडकीकडे तोंड करून नाक पुसू लागले.

"मला शहरात न्यायला हवं, मेंदूच्या डॉक्टरकडे," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "आत्ता लगेच. आणि वाटेत त्या बाईकडे थांबायचंय, तिला तोंड दाखवायचंय. नटबोल्टची गाडी मागवा."

"मी फोन करते, दुसरा कोणी ड्रायव्हर..." धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

"दुसरा कोणी नको. हाच."

काका दोन पावलं मागे सरले. "साहेब, मला नका सांगू. दोन दिवस झाले, स्टेअरिंग धरायची भीती वाटतेय."

"माझी अर्धी दुनिया गेलीये," डॉक्टर म्हणाले. "मलाही भीती वाटतेय. तरी मी तुझ्याच शेजारी बसणार. तू नाही म्हणालास तर मी जात नाही कुठे."

काकांनी चावीसाठी हात पुढे केला.

नटबोल्टची लाल गाडी पोर्चमध्ये आली. डॉक्टर मागे बसले नाहीत, पुढे डावीकडच्या सीटवर बसले. पट्टा लावायला त्यांनी खांद्यावरून हात नेला. पट्टा होता डाव्या अंगाला. त्यांचा हात हवेतच चाचपडत राहिला, वर, खाली, पुन्हा वर. भिंगताई दारापाशी होती, ती पुढे वाकणार तोच थांबली.

काकांनी आपल्या सीटवरून आडवं होऊन तो पट्टा ओढला, डॉक्टरांच्या छातीवरून आणला आणि खट्‌कन बसवला.

"बसा निवांत, साहेब," ते म्हणाले. "डावीकडे रस्ता मोकळा आहे." आणि त्यांनी गाडी सुरू केली.